चालकाशी बोलू नये

"आई, एकदाच विचारतो. बाबा गेले तेव्हा तू जागी होतीस का?"

वरच्या मजल्यावरच्या मुलाने हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. सून ओट्याशी पाठमोरी उभी होती, तिचा डाव भांड्यात फिरता फिरता थांबला. उत्तर मला माहीत होतं, त्याच्या आईला माहीत होतं आणि त्या थांबलेल्या हातावरून कळलं की सुनेलाही माहीत होतं. विचारणारा तेवढा कोरा होता. आई 'हो' म्हणाली असती तर ते घर संध्याकाळपर्यंत मोडलं असतं. 'नाही' म्हणाली असती तर मुलगा तिला जन्मात माफ करणार नव्हता.

जागी होतीस की नव्हतीस, एवढ्या साध्या प्रश्नाला एवढं काय टांगलेलं असणार, असं कोणालाही वाटेल. त्यासाठी आधी ती बाई झोपायची कशी ते सांगायला हवं.

ती मोठ्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीत कामाला, कायमची रात्रपाळी. वॉर्डांमधून गाठोडी येतात. त्यात काय काय निघतं ते लिहीत नाही, कोणी जेवता जेवता वाचत असेल. धुऊन पिळलेली चादर दोघींनी चार कोपरे धरून तापलेल्या रुळाखाली सोडायची, पलीकडून निघाली की एकमेकींकडे चालत येत तिची घडी घालायची. हिची घडी अशी की तिच्या कडेने लिंबू कापावं. सगळा दवाखाना तिला घडीवाली म्हणायचा, मग आमचा जिनाही म्हणू लागला. माझ्याकडे चहाला आली की बोलता बोलता माझं वर्तमानपत्र मूळ घडीवर आणून ठेवायची. मला राग यायचा. मी अजून वाचत असायचे.

सकाळी घरी येऊन, चार घास खाऊन ती झोपायची आणि चहाच्या वेळेला उठायची. जग कामाला लागलेलं असताना पडदे ओढून पडायचं, याला काय झोप म्हणायचं? तरुणपणीच तिच्या झोपेला कीड लागली.

"कुलूप लागतं," ती म्हणायची. म्हणजे जाग येते. छत दिसतं, पंखा दिसतो, रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो, पलीकडच्या खोलीत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द कळतं. पण अंग हलत नाही. ओरडायला जावं तर जीभ टाळूला चिकटलेली. छातीवर ओलं गाठोडं ठेवल्यासारखा श्वास. आणि मग पायथ्याशी कोणीतरी येऊन उभं राहतं.

"कोण?" मी विचारलं होतं.

"दुसरी."

"कोण दुसरी?"

"अहो ताई, घडी घालायला दोघी लागतात ना? त्यातली दुसरी. तोंड नसतं तिला. माझ्या अंगावरच्या चादरीचे पायाकडचे दोन कोपरे उचलते आणि चालत चालत वर येते. घाई नाही, गडबड नाही. चादर माझ्या तोंडावर आणते आणि काठाला काठ जुळवते." मग हसून म्हणाली, "काम फार चोख आहे हो तिचं."



जिन्यातल्या बायकांकडे अर्थातच उपाय होते. एकीने सांगितलं, उशाशी सुरी ठेव. मी म्हटलं, झोपेत आधीच बोबडी वळणाऱ्या बाईच्या उशाशी सुरी ठेवायची अक्कल कुठल्या दुकानात मिळाली तुला? आणखी एक म्हणाली, कोणाची तरी अतृप्त इच्छा असणार, दवाखान्यातल्या चादरी त्या. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली बाई, असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी घडीवालीला दंडाला धरून झोपेच्या डॉक्टरकडे नेलं. तिचा नवरा मजा बघायला म्हणून बरोबर आला, आणि तोही पेशंट निघाला.

नवरा बसड्रायव्हर. निवृत्त झाला आणि नोकरीतली सुटलेली गाडी त्याला झोपेत सापडली. झोपेत तो करकचून ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग फिरवायचा, सायकलवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरायचा. शेजारी झोपलेल्या बायकोच्या नडगीवर कायम निळे डाग. एकदा मुलगा त्याला जागं करायला वाकला, तेव्हा एक ठोसा असा बसला की पोराचा चष्मा फुटून भुवईला टाके पडले. जागा झाल्यावर म्हातारा रडला. दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन मोडीत निघालेल्या बसमधली एक पत्र्याची पाटी घेऊन आला आणि झोपायच्या खोलीच्या दारावर स्क्रूने पक्की केली: 'चालकाशी बोलू नये.'

तेव्हापासून तो त्या घराचा नियमच झाला. आतून आरडाओरडा आला की कोणीतरी म्हणायचं, "गाडी काढली वाटतं," आणि दुसरं कोणीतरी दार लोटून घ्यायचं. बहुतेक वेळा सूनच. ती शाळेत कारकून, दुपारी घरी असायची. हसरी, तोंडाळ पोरगी. सासऱ्याशी तिची फार गट्टी. चहा देताना विचारायची, "बाबा, आज कुठल्या रूटवर होता? किती पॅसेंजर मारलेत?" तो म्हणायचा, "तुझी सासू सोडून सगळे."

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. स्वप्न पडतं तेव्हा शरीर आपले हातपाय कुलपात ठेवतं, म्हणजे स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरून पडत नाही. बाईंचं कुलूप जाग आली तरी उघडत नाही, आणि यांचं लागतच नाही.

"म्हणजे आमची कुलपं बदलून बसवलीत म्हणा की," ड्रायव्हर म्हणाला. "हिला हलता येत नाही आणि मला थांबता येत नाही. लग्न जुळवणाऱ्याने पत्रिका बरोबर बघितली होती."

डॉक्टर हसले. म्हणाले, रात्रपाळी सोडा, ठरल्या वेळी झोपा, उताणं झोपू नका. रात्रपाळी सोडा म्हणे! त्याला गोळ्या दिल्या, त्या त्याने आठवण आली तेव्हा घेतल्या. निघताना घडीवालीने विचारलं, "डॉक्टर, त्या कुलपात एखादे दिवशी मी जाईन का हो?"

"मुळीच नाही. त्याने कोणी मरत नाही."

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. ती नाही मेली.

उपाय शेवटी नवऱ्यानेच काढला. कुलपात तिला फक्त डाव्या हाताची करंगळी हलवता यायची, तीही जिवाच्या आकांताने. मग त्याने तिच्या लॉन्ड्रीतून आलेल्या, पेशंटच्या जुन्या पायजम्याची एक नाडी घेतली. एक टोक तिच्या करंगळीला, दुसरं आपल्या मनगटाला. रोज दुपारी तो तिच्या डाव्या अंगाला आडवा व्हायचा, आपल्याला झोप असो नसो. करंगळी हलली, नाडी ओढली गेली, की तिचा अंगठा धरून हलवायचा आणि आपल्या ड्रायव्हरच्या आवाजात ओरडायचा, "उतरा, शेवटचा थांबा!" की कुलूप उघडायचं. कधी कधी शेजारी पडून त्यालाच डुलकी लागायची आणि तो गाडी काढायचा, पण तिने नाडी ओढली की त्या गोंधळातसुद्धा जागा व्हायचा. सगळा संसार त्या नाडीवर चालला होता म्हटलं तरी चालेल. मी दोघांना वेडे म्हणायचे. विधवा बाईला दुसऱ्यांचं असलं काही बघवत नाही, दुसरं काय.

तो गेला तो दिवस तसा साधाच. बाजारातून आला, म्हणाला, छातीत जळजळतंय, वायू धरला असेल. ओवा खाल्ला आणि तिच्या शेजारी आडवा झाला. काही वेळाने घडीवालीची किंकाळी ऐकून मी धापा टाकत वर गेले. सून स्वयंपाकघरातून धावत आलेली, पदराला हात पुसत. म्हातारा वाकडा पडला होता, डोळे उघडे. नाडी अजून दोघांना बांधलेली. ती सोडवायला गेले तर गाठ अशी आवळली होती की मला कात्री आणावी लागली. घडीवालीची करंगळी काळीनिळी, सांध्यापाशी कातडीत नाडीचा खोल वळ.

दवाखान्याची माणसं आली, त्यांनी चादर उघडली आणि त्याच्यावर घातली. घडीच्या रेषा त्याच्या छातीवर सरळ उमटल्या. ती बघत राहिली. "माझीच आहे," एवढंच म्हणाली.

मुलगा संध्याकाळी आला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. बिघाड झाला तर तो का झाला, कुठली तार तुटली, हे सापडेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नाही. बापाच्या बाबतीतही तो तेच शोधायला लागला. बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी बाथरूममध्ये कपडे धूत होते, नळ सुरू होता, काही ऐकू आलं नाही. मग त्याने आईची करंगळी बघितली. त्यानंतर रोज बघायचा. जेवताना, चहा घेताना, तिच्या हाताकडे.

त्याच आठवड्यात घडीवाली माझ्याकडे आली. तिला नुसतं बसता येत नाही, म्हणून माझ्या दोरीवरच्या चादरी काढून आणल्या आणि एकीचे दोन कोपरे माझ्या हातात दिले.

"ताई, कुलूप लागलं होतं मला."

मी कोपरे घट्ट धरले.

"पहिल्यांदा नाडी ओढली गेली तेव्हा वाटलं, माझीच करंगळी हलली. मग कळलं, ओढ त्या बाजूने येतेय. इतक्या वर्षांत त्या बाजूने कधी आली नव्हती. ते हातपाय झाडत होते. मलासुद्धा आधी गाडीच वाटली हो. मग ते म्हणाले, 'अगं.'"

तिने चादर ताणली. मीही ताणली.

"झोपेत ते सगळ्यांशी बोलायचे. कंडक्टरशी, पोलिसाशी, म्हशींशी. मला कधी हाक मारली नाही. त्या गाडीत मी नसायचेच. 'अगं' म्हणाले आणि मला कळलं की हा माणूस जागा आहे. मी करंगळी ओढत होते, ते मनगट ओढत होते. मी त्यांना, ते मला. आणि दार उघडलं."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? घरात होतं कोण?" ती माझ्याकडे चालत आली, काठ माझ्या हातात दिले, खालची घडी उचलली. "सून. मला दिसली. माझे डोळे अर्धे उघडे असतात झोपेत, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि हसली. म्हणाली, 'चालकाशी बोलू नये.' आणि दार लोटून घेतलं. हळू. माझी झोप मोडू नये म्हणून."

मी हातातले काठ जुळवले.

"मग ती दुसरी आली. त्या दिवशी तिने चादर दोघांवरून घेतली. आणि नाडी सैल पडली. नाडी सैल पडली तेव्हा कुलूप उघडलं."

चादरीची घडी पुरी झाली होती. तिने ती माझ्या मांडीवर ठेवली.

"मुलाला सांग," मी म्हटलं. "जसं घडलं तसं सांग. त्या पोरीची काय चूक? घरचा नियम होता. तुलाही गाडीच वाटली ना?"

"चूक नाही हे मला कळतं. तुम्हालाही कळतं, तुम्ही शिकलेल्या आहात."

"शिक्षणाचा काय संबंध!"

"बरं, नाही. पण कुलूप होतं म्हटलं की काय दिसलं, काय ऐकलं ते तो विचारणारच. सांगितलं तर त्याला कळेल? ती दारात उभी होती, हसली आणि गेली, एवढंच त्याच्या डोक्यात राहील. वर नळाचं खोटं बोलली ती. तो तिच्याशी पुन्हा एका ताटाला बसेल? तुम्ही सांगा."

मी एवढंच म्हटलं की खोटं फार दिवस टिकत नाही. ती म्हणाली, "चादरीवरचे डागसुद्धा सगळे निघत नाहीत, ताई. डाग आत घेऊन घडी घालतो आम्ही. वॉर्डात कोण उलटून बघतो?"

दोन दिवसांनी त्याने विचारलं. तोच प्रश्न, ज्याने मी सुरुवात केली. मी स्टुलावर, तो ताटावर, सून ओट्याशी, डाव थांबलेला.

घडीवालीने मुलाच्या डोळ्यांत बघितलं. "नाही," ती म्हणाली. "झोपले होते."

"कुलूप नव्हतं?"

"नव्हतं. साधी झोप होती. मेल्यासारखी झोपले होते."

"आई, हात बघ तुझा. बाबांनी इतकं ओढलं. करंगळी तुटायची राहिली. आणि तू झोपून होतीस?"

"दमले होते रे."

तो उठला. ताट तसंच राहिलं. दारात वळून म्हणाला, "कुलूप होतं म्हणाली असतीस तरी मी विश्वास ठेवला असता." चप्पल घालून निघून गेला. सून हळूच डाव फिरवायला लागली. भांड्यातलं केव्हाच करपलं होतं.

त्यानंतर मुलगा आईशी बोलेनासा झाला. म्हणजे कामापुरतं बोलायचा, पण 'आई' म्हणून हाक मारायची सोडली. 'ऐक', 'जरा सरक', 'जेवलीस का'. हाक गाळून बोलणं किती कठीण असतं, करून बघा. तो रोज करायचा. ती रोज रात्री कामावर जायची, सकाळी यायची, पडदे ओढायची. कुलूप आता जवळजवळ रोज लागायचं, आणि ओढायला दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. एकदा मला म्हणाली, "दुसरीला आता फार वेळ मिळतो. सगळी घडी नीट पुरी करते."

मी माझ्या तिरमिरीत सुनेला जिन्यात गाठलं. "अगं, तू दुपारी घरी असतेस ना? बसत जा तिच्याजवळ. ती नाडी धर." पोरगी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिला विस्तव धरायला सांगितला. पण बसायला लागली. नवी नाडी आणली, एक टोक सासूच्या करंगळीला, दुसरं आपल्या मनगटाला. मला बरं वाटलं. चला, एक काम मार्गी लागलं. मी अशीच आहे. एखाद्या गोष्टीची विल्हेवाट लावली की ती संपली असं मला वाटतं.

मग एक दिवस दुपारीच मी त्यांचा डबा परत द्यायला वर गेले. मुख्य दार नुसतं लोटलेलं. झोपायच्या खोलीच्या दारावर ती पाटी अजून होती. ती कोणी काढत नव्हतं. काढायची म्हटलं तर का काढतो ते सांगावं लागलं असतं. दार फटीएवढं उघडं होतं, आणि आतून कुजबूज येत होती.

घडीवाली उताणी पडली होती, डोळे अर्धे उघडे. करंगळी हलत होती. थरथरत, थांबत, पुन्हा. नाडी ताणली जात होती, सुनेच्या मनगटाला हिसके बसत होते. सून टक्क जागी होती. करंगळीकडे बघत होती. आणि सासूला हलवत नव्हती. बोलत होती.

"...नळ सुरू नव्हता, आई. नळाचं मी नंतर सांगितलं. मी आवाज ऐकून आले होते. खरंच आले होते. बाबांचे हात असे, असे होत होते. मला वाटलं, वळण घेतायत. मला हसू आलं. आणि मी दारात..."

करंगळी ओढतच होती.

"आधी उठव तिला!" मी ओरडले. "मग काय बोलायचं ते बोल! दिसत नाही का तुला?"

सून दचकून उभी राहिली, नाडी हिसडली गेली, मी पुढे होऊन घडीवालीचा अंगठा धरून गदागदा हलवला. तिने पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला. चेहरा घामाने निथळत होता, ओठ पांढरे. सून भिंतीला टेकून, तोंडावर हात.

वाटलं, घडीवाली माझे उपकार मानेल. तिने बसायला वेळ घेतला, मग माझ्याकडे बघितलं ते रागाने.

"मध्ये कशाला बोललात, ताई?"

"कशाला म्हणजे? ती तुला तशीच ठेवून..."

"रोज ठेवते. मला माहीत आहे." तिचा आवाज घोगरा होता. "जागेपणी तिचं माझ्यासमोर तोंड उघडत नाही. कुलपात मी उत्तर देऊ शकत नाही, म्हणून बोलते. पहिले दिवस नुसती रडायची. मग सांगत सांगत खोलीपर्यंत आली. मग आवाजापर्यंत. आज दारापर्यंत आली होती. एकच वाक्य राहिलं होतं तिचं."

"आणि ती दुसरी? ती तोवर चादर ओढत असेल ना तुझ्या तोंडावर?"

"ओढते. ओढू दे."

मला पुष्कळ काही बोलायचं होतं. आयुष्यभर मला प्रत्येक गोष्टीवर पुष्कळ बोलायचं असतं. पण घडीवालीने सुनेला हाताने जवळ बोलावलं, तिच्या मनगटावरची सुटत आलेली गाठ नीट बांधली, आणि पुन्हा उताणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उताणी झोपू नका.

"जा तुम्ही आता," ती मला म्हणाली. "डबा ओट्यावर ठेवा."

तिने डोळे अर्धे मिटले. अंग सैल सोडलं, बोटं स्थिर. इतक्या लवकर कोणाला झोप लागत नाही, आणि मागितलं म्हणून कुलूपही लागत नाही, हे मला कळत होतं. सुनेला कळलं का, मला सांगता येणार नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. मग अगदी सुरुवातीपासून बोलायला लागली, बाबा बाजारातून आले तिथपासून.

मी मागे सरकले आणि दार लोटून घेतलं. हळू, आवाज होऊ न देता.